मोपेपे काही फुटेना

किन्शासात लग्नाला बरीच वर्षं होऊनही ज्या घरात पाळणा हलत नाही, त्या घराकडे शेजारीपाजारी एका ठरावीक नजरेने बघतात. न फुटणाऱ्या बँडकडेही त्याच नजरेने बघितलं जातं. आधी कीव येते. मग दोष नक्की कुणात आहे याची चर्चा होते. शेवटी लोक उपाय सुचवायला लागतात.

पापा सिंफोंवर ही पाळी येईल असं मातोंगे वस्तीत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सिंफोरियाँ माबुआका हे त्यांचं पूर्ण नाव, पण ते फक्त पासपोर्टवर वापरलं जायचं, किंवा बायको चिडली की. एरवी सगळ्या शहराचे ते पापा सिंफो. तरुणपणी हा माणूस फुटण्यातला वस्ताद होता. आपले गुरू, म्हातारे एदुआर, यांच्या बँडमध्ये चार वर्षं मागे उभं राहून गायल्यावर एका सकाळी त्यांनी दोन गिटारवाले, एक ढोलवाला आणि गुरूंचा चांगला मायक्रोफोन घेतला आणि होडीत बसून नदीपलीकडे ब्राझाव्हिल गाठलं. परत आले ते स्वतःचा बँड घेऊनच. नाव ठेवलं मोपेपे, म्हणजे वारा. म्हाताऱ्या एदुआरनी रेडिओवर घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या, टोमणे मारणारी दोन गाणी रचली आणि मग सिंफोच्या लग्नात सगळ्यात पुढे होऊन नाचले. मायक्रोफोन तेवढा शेवटपर्यंत मागत राहिले.

पुढे मोपेपेलाही भरभरून फळं धरली. आधी नोएल अर्धा बँड घेऊन गेला आणि त्याने ‘अस्सल मोपेपे’ काढला. मग ‘मोपेपे थोरली पाती’ निघाला. त्या दोघांतले असंतुष्ट एकत्र येऊन ‘अस्सल मोपेपे थोरली पाती’ झाला. एक पठ्ठ्या तर नुसता खुळखुळा घेऊन एकटाच बाहेर पडला आणि त्याने ‘मोपेपे इंटरनॅशनल’ काढला. दर वेळी पापा सिंफो रेडिओवर जाऊन रडले. सापाला दूध पाजलं म्हणाले. घरी येऊन मासा आणि चिक्वांग, म्हणजे कसाव्याचे उकडलेले गोळे, पोटभर जेवले आणि गाढ झोपले. आणि दर वेळी पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट झाली, कारण कोण गेलं आणि कोण राहिलं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय किन्शासाच्या माणसाला अन्न गोड लागत नाही.

मग ते थांबलं. का थांबलं ते कुणाला सांगता येईना. मोपेपेतली पोरं तालमीला वेळेवर यायला लागली. पापांची बायको ओदिल हिचा अंगणातच खानावळ-कम-बिअरचा धंदा होता आणि तालीमही तिथेच चालायची. पोरं तिच्या हातचं पोंदू, म्हणजे कसाव्याच्या पाल्याची भाजी, खायची, भांडी उचलून ठेवायची, ‘काकू, छान झालंय’ म्हणायची. वर्षामागून वर्षं गेली, पण कुणी साधा रुसलासुद्धा नाही.

“घर कसं भरल्यासारखं वाटतं,” पापा लोकांना सांगायचे. पण आतून ते पोखरले होते.

जुलैत एका दुपारी गास्तों लिकिंडा आला. गास्तों म्हणजे ‘लोबिको’ बँडचा मालक, पापांचा जुना मित्र आणि त्याहून जुना वैरी. त्याचा बँड गेल्याच महिन्यात फुटला होता. तोही एकदम चार तुकड्यांत. चेहरा सुतकी ठेवून, नवाकोरा पिवळा सूट घालून तो ओदिलच्या अंगणात येऊन बसला.

“काय सांगू तुला सिंफो,” तो म्हणाला, “माझे तिन्ही गायक गेले. गिटारवाला नेला, ढोलवाला नेला. अरे, माझा शिंपीसुद्धा नेला रे!”

“अरेरे,” पापा म्हणाले. आणि हेव्याने त्याच्या पिवळ्या सुटाकडे बघत राहिले.

“दारात दिवसभर रेडिओवाले. घास घशाखाली उतरू देत नाहीत. बाजारात बायका थांबवून विचारतात, ‘पापा, खरं कोण आणि खोटं कोण?’ जीव नकोसा झालाय. तुझं बरंय बाबा. कशी शांतता आहे इथे.”

“आमच्यात एकोपा आहे.”

“ऐकलं तसं. लोक म्हणतात, मोपेपेत आता तालमीआधी प्रार्थनाही सुरू केलीय.”

ती मोपेपेतल्या तरुण गायकाने, प्लामेदीने, सुरू केली होती.

“ऑगस्टच्या मोठ्या जलशाला येतोयस ना?” गास्तोंने उठता उठता विचारलं. “आयोजक मला म्हणाला, लोबिकोचे चारही तुकडे बोलावलेत. मी म्हटलं, माझ्या सिंफोलाही विसरू नकोस.”

आयोजक विसरला नव्हता. त्याने मोपेपेच्या आरोळीवाल्याला फोन केला होता. हा आरोळीवाला म्हणजे गाणं ऐन रंगात आलं की पुढे होऊन शहरातल्या बड्या लोकांची नावं ललकारणारा, नाचणाऱ्यांना चेव आणणारा गडी. त्याला सगळे सायरन म्हणायचे आणि तो स्वतःही सहीच्या जागी सायरनच लिहायचा. आयोजकाने त्याला विचारलं, “तुमच्याकडे काय विशेष?” सायरनने प्रामाणिकपणे सांगितलं, “काही नाही. सगळे मजेत आहेत.” आयोजक म्हणाला, “मग लोकांनी काय बघायला यायचं?”

पापांना प्रश्न कळला होता. ज्या बँडला ऑगस्टच्या जलशात उभं करत नाहीत, तो पुढच्या ऑगस्टपर्यंत लग्नात आणि मयताला वाजवतो, आणि त्यानंतर नुसता मयतालाच. म्हातारा ढोलवाला म्बुयी याच्या मेव्हण्याने त्याला मोटरसायकलची टॅक्सी चालवशील का म्हणून विचारूनही झालं होतं. मोपेपे फुटला तरच वाचणार होता.

फुटायचं तर कुणी? बघायला गेलं तर एकच नाव होतं. प्लामेदी. हे नाव म्हणजे ‘देवाची अद्भुत योजना’ या फ्रेंच शब्दांची त्याच्या आईबापांनी केलेली बचत. पोरगा पंचविशीचा, उंचापुरा, आणि आवाज असा की ओदिलच्या गिऱ्हाइकांच्या हातातला घास हातातच राहावा. अशा पोराने दोन वर्षांपूर्वीच फुटायला हवं होतं. पण हा अजून पापांच्या खुर्चीवरची धूळ झटकत होता.

पापांनी त्याला डिवचायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी त्याचं ठरलेलं कडवं काढून सायरनला दिलं. सायरनचा गाण्याशी संबंध बोकडाचा बासरीशी असतो तेवढाच होता.

“पापा, फार योग्य केलंत,” प्लामेदी म्हणाला. “सायरनदादांच्या आवाजात एक सच्चेपणा आहे.”

सायरन दोन दिवस छाती काढून हिंडत होता.

मग पापांनी प्लामेदीला पुढच्या रांगेतून उचलून ढोलाच्या मागे उभं केलं, जिथून तो कुणाला दिसणारही नव्हता. तालीम संपल्यावर तो धावत आला. “इथून बँड कसा बांधलाय ते नीट दिसतं, पापा. मला आधी कळलंच नव्हतं तुम्ही मला काय शिकवताय ते!”

पापा घरात गेले आणि उशीत तोंड खुपसून ओरडले.

तेव्हा त्यांनी असं एक हत्यार काढलं की जे मातोंग्यात सहसा कुणी काढत नाही. प्लामेदीकडे मगरीच्या कातड्याच्या बुटांचा एकच जोड होता. त्यासाठी त्याने सहा महिने एक वेळ जेवून काढले होते. रस्त्यात चिखल असला की तो बूट काखेत घेऊन अनवाणी यायचा आणि अंगणात पाय धुऊन मग घालायचा. शनिवारी भर तालमीत, सगळ्यांच्या देखत, पापा सिंफो सावकाश चालत त्याच्यापाशी गेले, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि त्याच्या डाव्या बुटावर आपला पाय ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबून फिरवला.

गिटारी थांबल्या. ओदिलच्या हातातला झारा वरच्या वर राहिला. एका गिऱ्हाइकाने बिअर खाली ठेवून छातीवर क्रूस काढला. ह्या शहरात याहून कमी कारणावरून भाऊ भावाला ओळखेनासे झाले आहेत.

प्लामेदीने खाली बघितलं. हळूच वाकला, खिशातून रेशमी रुमाल काढला आणि पापांचा बूट पुसला.

“तुमच्या तळव्याला काहीतरी चिकटलं होतं, पापा,” तो म्हणाला. “आता गेलं.”

त्या संध्याकाळी ओदिलने मासे पानात गुंडाळता गुंडाळता विषय काढला.

“पोराच्या मागे का लागलायस रे?”

“मी? मी कुठे?”

“सिंफोरियाँ!”

पापांनी सगळं सांगून टाकलं. ओदिल हसली नाही. वीस वर्षं बिअर विकून तिने हसण्याच्या जागा नीट निवडलेल्या होत्या.

“म्हणजे तू त्याला हाकलायला बघतोयस, आणि तो तुला सोडत नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्या घरात असं पोरगं मिळालं तर लोक आनंदाने राहतात.”

“तू चेष्टा कर. मोपेपे मेला की मग हसत बस.”

“त्याच्याकडे स्वतःचं गाणं आहे का? गाणं असल्याशिवाय कोण जातं घर सोडून?”

गाणं होतं. सायरनला ठाऊक होतं, कारण सायरनला सगळं ठाऊक असायचं. प्लामेदी सकाळी अंगणामागच्या पत्र्याच्या न्हाणीत आंघोळ करताना ते म्हणायचा. सोमवारी पापा पत्र्याला कान लावून उभे राहिले. गाण्यात एक तरुण सूट घालून नदीच्या धक्क्यावर उभा आहे. पलीकडे ब्राझाव्हिलला त्याची प्रेयसी कपडे वाळत घालतेय, तेही दिसतंय, पण बोट बिघडलीय. बोटवाला म्हणतो, उद्या. प्रेयसीचे कपडे वाळतात, ती ते काढून आत जाते, आणि बोटवाला अजून म्हणतोय, उद्या. चाल अशी होती की पापांचा पाय आपोआप ठेका धरायला लागला, आणि मग त्यांना त्या पायाचा राग आला.

असं गाणं त्यांना कित्येक वर्षांत सुचलं नव्हतं. पण त्या दुखण्यावर फुंकर घालत बसायला वेळ नव्हता. त्यांना अचूक उपाय दिसला. गाणं चोरायचं. पोराची नोकरी घ्या, जागा घ्या, बूट घ्या, तो सोसेल. पण स्वतःचं गाणं दुसऱ्याच्या नावावर गेलेलं कुठल्या कलावंताने सोसलंय? म्हाताऱ्या एदुआरनी तरुण सिंफोचं एक गाणं असंच ढापलं होतं आणि त्यानंतरच ती होडी निघाली होती.

मंगळवारी तालमीला पापा उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, “काल मला एक नवं गाणं सुचलं.”

आणि त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. गिटारवाले एकमेकांकडे बघायला लागले. त्या न्हाणीच्या शेजारून रोज सगळेच जात होते. म्बुयीने ढोलाच्या काड्या मांडीवर ठेवल्या. गाणं संपलं तेव्हा प्लामेदीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आता, पापा मनात म्हणाले. आता लागला बाण वर्मी.

प्लामेदीने खिशातून फोन काढला. “आई!” तो हुंदके देत ओरडला. “आई, पापांनी माझं गाणं घेतलं! हो, हो, स्वतःच्या नावावर! सगळ्यांसमोर! थांब, त्यांनाच देतो.”

आणि फोन पापांच्या कानाला लावला. पलीकडून एक माउली म्हणत होती, “देव तुमचं कल्याण करो, पापा सिंफो. पोराच्या जन्माचं सार्थक केलंत. रविवारी तळलेल्या अळ्या पाठवते, तुम्हाला आवडतात ना?”

“आवडतात,” पापा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. ओदिलच्या शेगडीशेजारी ते स्टुलावर बसून राहिले.

“संपलो मी, ओदिल. ह्या पोराला कितीही मारा, ते फुटतच नाही.”

“म्हाताऱ्या एदुआरनी तुला हाकललं होतं का?”

“हाकललं? अगं, विनवत होता. माझ्या आईकडे बकरी घेऊन गेला होता, त्याला थांबव म्हणून. गाणं ढापलं ते नुसतं निमित्त झालं. माझा एक पाय जन्मापासूनच दाराबाहेर होता.”

“मग झालं तर,” ओदिल मासा उलटत म्हणाली. “फुटणं रक्तात असावं लागतं. ह्या अंगणात ते एकाच माणसाच्या रक्तात आहे.”

पापांनी ताट ओढलं आणि दोन मासे खाल्ले.

बुधवारी सकाळी पापा सिंफो मोपेपेतून फुटले.

बातमी चौकात पोचायच्या आत बाजारात पोचली होती. शहरातला फुटपाथचा रेडिओ, ज्याला वीज लागत नाही आणि जो कधी बंद पडत नाही, दुपारपर्यंत पिसाळला. पापा सिंफोंनी पापा सिंफोंचा बँड सोडला! नाव सोडलं, ढोल सोडले, गाणी सोडली! गिटार काखेला मारून ते आपल्याच अंगणाच्या पुढल्या दाराने बाहेर पडले होते आणि घरीच राहायचं असल्याने मागल्या दाराने आत आले होते. खरोखरीच्या रेडिओवर रोझिनबाईंनी त्यांना विचारलं, “पापा, तुम्ही कुणावर नाराज आहात?”

“नेतृत्वावर,” पापा म्हणाले. “तिथे जुन्या माणसाची कदर राहिली नाही.”

“पण नेतृत्व तर तुम्हीच होतात ना?”

“म्हणून तर मला आतून सगळं माहीत आहे.”

शहराला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. गास्तों लिकिंडाने फोन करून अभिनंदन केलं नाही, त्यावरून पापांनी ओळखलं की काम जमलं.

पण फुटायला दोन बाजू लागतात, आणि दुसऱ्या बाजूला प्लामेदी होता. मोपेपे त्याच्या गळ्यात पडला होता. तो खिडकीखाली येऊन उभा राहिला.

“पापा, परत या! माझं काय चुकलं?”

“चल, चालता हो!” पापा खिडकीतून ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “अरे, शिव्या दे मला. वर बघून दे. लोक बघतायत.”

“तुम्हाला? पापा, आई मला घरात घेणार नाही!”

गुरुवारी रोझिनबाईंनी त्याला रेडिओवर बोलावलं. अर्धं शहर कान टवकारून बसलं होतं. प्लामेदी तासभर पापांचे गुण गात होता. त्यांनी मला उभं राहायला शिकवलं, ढोलामागेसुद्धा. त्यांना उदंड आयुष्य लाभो. शेवटी त्याने त्यांच्यासाठी एक छोटीशी प्रार्थनाही म्हटली. रोझिनबाई मध्येच जांभई देताना ऐकू आल्या.

शुक्रवारी चौकात बोललं जायला लागलं की हे सगळं नाटक आहे. आयोजकाने सायरनला फोन केला. “हे फुटणं खरं आहे का रे? मला खोटं फुटणं चालत नाही. गेल्या वर्षी एकाने फसवलं.” सायरनने दोन्ही बाजूंशी इमान राखण्यासाठी एक आठवडा इकडे आणि एक आठवडा तिकडे असं ठरवून टाकलं होतं. तो म्हणाला, “वेळ द्या.”

वेळेनेच काम केलं. माणूस दुसऱ्याच्या हाताखाली असतो तोवर तो वरचा त्याला देवासारखा दिसतो. त्याच खुर्चीवर स्वतः बसलं की मग कळतं, देवाने काय काय मोडून ठेवलंय. प्लामेदीने पहिली तालीम घेतली तेव्हा म्बुयी दोन गाण्यांच्या मध्ये झोपला. पापा झोपू देतात, तो म्हणाला. दुसरा गिटारवाला सगळी गाणी तीनच बोटांनी वाजवायचा. पापांनी कधी चौथं मागितलं नाही, तो म्हणाला. आणि प्लामेदीने आपलं बोटीचं गाणं स्वतःच्या मूळ पट्टीत लावलं तेव्हा सगळा बँड गडबडून गेला, कारण मोपेपे गेली कित्येक वर्षं सगळंच खालच्या पट्टीत वाजवत होता. पापांचा आवाज वर जायचा बंद झाल्यापासून. गाणी आपोआप खाली आली नव्हती, पापांनी ती खाली बसवली होती. आणि विचारलं तर सांगायचे, आता हीच पद्धत आहे, पॅरिसला सगळे असंच गातात.

प्लामेदी त्या दिवशी घरी जाताना चिखलातून बूट काखेत न घेताच गेला. तो विचार करत होता. त्याला विचार करताना राग येत होता आणि राग येतोय म्हणून आणखी राग येत होता. पुढच्या दहा-बारा दिवसांत मोपेपेच्या तालमी ओदिलच्या अंगणात नाही, तर एका शाळेच्या पटांगणात होऊ लागल्या आणि तिकडून जाणारे लोक सांगायला लागले की आतून आरडाओरडा ऐकू येतो.

इकडे पापांकडे कुणी तरुण आला नाही. आले ते सगळे जुने. आधी नोएल आला, पोट पुढे आणि टोपी हातात. ‘अस्सल मोपेपे’ कधीच बंद पडला होता. मग ‘थोरली पाती’वाले आले, शेवटी खुळखुळावालाही आला. ज्यांना पापांनी रेडिओवर साप म्हटलं होतं ते सगळे अंगणात बिअर पीत बसले.

“तुला सोडलं तेव्हा वाटलं होतं, मोकळे झालो,” नोएल म्हणाला. “मग कळलं, तुझ्यासारखं भांडायला कुणी मिळत नाही.”

“ग्लास खाली ठेव आणि माझ्या मागे सूर लाव, गद्दारा,” पापा प्रेमाने म्हणाले.

ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी ओदिलच्या अंगणात रेडिओ चालू होता. रोझिनबाई म्हणाल्या, “आणि आता प्लामेदीच्या मोपेपेचं नवं गाणं.” बोटीचंच गाणं होतं, पण किती वर! गिटार चार बोटांनी धावत होती. पापांनी हातातला घास ताटात ठेवला. दोन कडवी झाली, प्रेयसीचे कपडे वाळले, आणि मग एकदम बोट, नदी, सगळं बाजूला ठेवून प्लामेदीने खणखणीत आवाजात टोमणा टाकला:

*कोंबडा म्हातारा झाला, फांदी खाली आली रे,*
*म्हणतो, झाडांमधे आता वाकायची रीत आली रे!*

आणि पाठोपाठ सायरनची आरोळी, कारण त्याचा तो आठवडा तिकडचा होता: “वाकायचीऽऽ रीत!”

पापा उडी मारून उठले. “ओदिल! ऐकलंस? दिला! टोमणा दिला पोराने! नोएल, ऐकलंस? वाचलो रे!”

नोएल ग्लासात बघत होता. खुळखुळावाला वर आकाशाकडे बघत होता. रेडिओवर ते दोन चरण पुन्हा आले. मग तिसऱ्यांदा. फार चांगलं बसलं होतं ते, चटकन ओठावर येण्यासारखं. कुंपणापलीकडे शाळेतून परतणाऱ्या पोरी ते म्हणत चालल्याही होत्या.

“फांदी खाली आली म्हणजे?” पापांनी हळूच विचारलं.

“पट्टी,” ओदिल म्हणाली. “खालची पट्टी. ती तुझी.”

पापा खाली बसले. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग काळाठिक्कर पडला. म्हणजे होता त्याहूनही.

“हे पोरगं,” ते म्हणाले. “ह्या पोराला मी... माझ्या ताटातलं... आणि चारचौघांत माझी पट्टी काढतो?”

“हेच हवं होतं ना तुला?” ओदिल म्हणाली.

“हवं होतं ते खोटं हवं होतं! हे खरं आहे!”

आणि मग त्यांनी गिटार ओढली. पापांनी वरच्या पट्टीत सूर लावला, तो अर्ध्यावर फाटला. एक कोंबडी पळाली. कुणी हसलं नाही. पापांनी पुन्हा लावला, पुन्हा फाटला. तिसऱ्या वेळी तो जरा थरथरत वर चढला, काठ एका हाताने धरून लोंबकळला, आणि मग राहिला तिथेच, उभा.

“लिहा रे कुणीतरी,” ते डोळे मिटून म्हणाले. “अंडं. अंड्यापासून सुरू करायचं. *कालचं अंडं खुर्चीत बसलं, आज म्हणे मी गायक रे...*”

“*दुसऱ्याच्या उबेवर...*” नोएलने पुस्ती जोडली.

“थांब, मी सांगतो!” खुळखुळावाला सरसावला.

इतक्यात सायरन फाटकातून धापा टाकत आत आला. “पापा! आयोजकाचा फोन! जलशाला दोन्ही बँड हवेत, एकाच दुपारी, एकामागोमाग एक! आधी कोण येणार ते विचारतोय!”

“बाहेर बस,” पापा डोळे न उघडता म्हणाले. “कामात आहे मी. आणि तू ह्या आठवड्यात तिकडचा आहेस, इकडे ऐकू नकोस.”

सायरन कान झाकून फाटकापाशी बसला. अंगणात दुसऱ्या चरणासाठी मारामारी सुरू झाली. बिअर प्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनीही सूचना केल्या. कुणाची उबेवर, कुणाची पिसांवर, एकाची थेट रस्सा-भातावर. पापा एकेक ओळ चाखून थुंकत होते. शेवटी शेगडीपाशी बसलेल्या ओदिलने, मासा उलटता उलटता, मागे न बघता एक ओळ सांगितली. ती इतकी खमंग होती की इथे देता येण्यासारखी नाही. नोएलने टोपी काढली.

“हीच,” पापा सिंफो म्हणाले, आणि ती ओळ त्यांनी वरच्या पट्टीत उचलली.